किलोवर विकलेलं झाड

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला मालकी हा विषय कुणी वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्याकडच्या काही जुन्या बंगल्यांच्या कागदांवर ‘ओल्ड ग्रँट’ असे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगायचा तर भिंती, कौलं आणि व्हरांडा तुमचा. खालची जमीन मात्र सरकारची. पिढ्यान् पिढ्या राहा, भाड्याने द्या, पण जमीन आपली म्हणू नका. मी अशाच एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. आवारातल्या चिंचेची एक फांदी विजेच्या तारेला लागत होती. ती तोडायची तर अर्ज करा, पाहणी होऊ द्या, परवानगीची वाट बघा. त्या एका फांदीपायी मी तीन हेलपाटे घातले.

तिसऱ्या हेलपाट्याला मला माझाच एक जुना करारनामा आठवला. एका फांदीसाठी एवढी कागदपत्रं लागतात आणि मी मात्र एकेकाळी अख्ख्या डोंगराची झाडं चार ओळींत देऊन टाकली होती. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

तसं पाहिलं तर आमच्या गावाकडूनही जगाने फुकट काही नेलेलं आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर इथल्या छावणीत आठवडेच्या आठवडे पडून राहत. उन्हाने आणि कंटाळ्याने त्यातल्या काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डुलाली’ म्हणू लागले आणि हा शब्द त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसला. त्याची रॉयल्टी आम्हाला कुणी दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही. शब्द नेल्याने गावाचं काही कमी होत नाही. झाडाचं तसं नसतं.

वकिलीची सुरुवात मी सावंतवाडीत एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली केली. १९९७ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. एक व्यापारी आला. घाटाखालच्या एका गावातल्या शेतकऱ्याच्या मालकी रानातली झाडं त्याला विकत घ्यायची होती. शेतकरी बरोबरच होता, कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा. आमच्या साहेबांनी काम माझ्याकडे सोपवलं. साग, खैर, चंदन, हिरडा अशी झाडं असती तर १९६४ च्या कायद्याखाली तोडीची परवानगी लागली असती. या झाडाचं नाव त्या यादीत नव्हतं. मी लिहिलं, ‘आडजात लाकूड, वाळवून, तुकडे करून, दर किलोस अमुक रुपये.’ खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तिकीट. अर्ध्या तासात काम झालं.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. लाकूड किलोवर कुणी घेतं का? जळण मणावर जातं, इमारती लाकूड घनफुटावर. किलोवर विकतात ते चंदन, किंवा औषध. व्यापाऱ्याला ते ठाऊक होतं. शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं. आणि ज्याने दोघांच्या मध्ये बसून विचारायला हवं होतं, तो मी, फीची पावती फाडत होतो.

ते झाड होतं नरक्या. सिंधुदुर्गात, आंबोलीच्या परिसरात, कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटमाथ्यावर हे लहानखुरं झाड पूर्वी भरपूर असे. फुलांना दुर्गंधी येते, म्हणून हे नाव. जुन्या शास्त्रीय नावातही ‘फोटिडा’, म्हणजे दुर्गंधी, हा शब्द होताच. आज त्याला नोथॅपोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. यातला निम्मो कोण? मुंबईच्या टपालखात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहॅम याला झाडांचा नाद होता. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची त्याने केलेली सूची १८३९ मध्ये छापली गेली. ती हातावेगळी होण्याआधीच ग्रॅहॅम वारला आणि त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने ती पुरी केली. त्या निम्मोचं नाव झाडाला कायमचं चिकटलं. ते त्याला पहिल्यांदा रानात नेऊन कुणी दाखवलं, त्या वाटाड्याचं नाव कुठेच नाही.

नावं लिहिण्याची रीत मात्र त्याआधी दीडशे वर्षं आपल्या किनाऱ्यावर एकदा पाळली गेली होती. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रं आहेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचं त्याच्या लिपीत, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचं नागरीत, कोंकणी भाषेत. १६७५ मधला हा मजकूर आहे. ही माहिती आम्ही दिली, असं ते चौघे तिथे स्वतःच्या अक्षरात सांगतात. मोबदला किती मिळाला हा प्रश्न वेगळा. पण ज्ञान कुणाचं, हे तरी कागदावर आलं. एका वसाहतवाल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १६७५ मध्ये जे केलं, ते मी १९९७ मध्ये केलं नाही. माझ्या करारात झाडाचं नावसुद्धा नव्हतं.

आता नरक्याला किलोचा भाव का आला, ते सांगतो. त्याची सुरुवात फार दूर होते आणि तिथेही एक मराठी मुलखातला माणूस भेटतो. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. १९२५ चा त्यांचा जन्म. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वनस्पतींतून कर्करोगावर औषध शोधण्याचं ते काम होतं. १९६६ मध्ये या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं मोठं औषध जगाला मिळालं, तेही याच जोडीमुळे. वाणी २०२० मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. नंदुरबारच्या किती शाळांत त्यांचं नाव सांगतात, कोण जाणे.

चिनी झाडात हे द्रव्य अगदी थोडं सापडतं. १९७२ मध्ये मुंबईला, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं, की आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात तेच द्रव्य आहे आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आहे. त्यानंतर काही वर्षं फारसं काही घडलं नाही, कारण मूळ द्रव्य रोग्याला सोसत नव्हतं. १९८५ च्या सुमारास ते पेशींत नेमकं काय करतं हे कळलं. मग त्यात रासायनिक फेरफार करून टोपोटिकान आणि इरिनोटिकान ही दोन औषधं तयार झाली. १९९६ मध्ये अमेरिकेने दोन्हींना परवानगी दिली. औषध कारखान्यात पूर्ण होतं, पण त्याचा कच्चा माल लाकडातून काढावा लागतो. माझ्या टेबलावर तो व्यापारी आला, तो पुढच्याच वर्षी. खोड, फांद्या, मुळं, सगळं लाकूड कामाला येत असल्याने झाडं मुळासकट उपटली गेली. पश्चिम घाटातली नरक्याची संख्या झपाट्याने घटली. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या वर्तमानपत्रांत ‘नरक्याची तस्करी’ हे शब्द नंतर नेहमीचे झाले.

पण या व्यवहारात बेकायदा असं काय होतं? १९९७ मध्ये जवळजवळ काहीच नाही. शतकानुशतकं समज असाच होता, की बियाणं, रोपं, रानातली औषधं ही साऱ्या मानवजातीची ठेव आहे. १९८३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ठरावातही पिकांच्या वाणांबद्दल हेच म्हटलं होतं. ऐकायला उदात्त वाटतं. पण रानातलं पान सगळ्यांचं आणि त्या पानापासून बनलेल्या औषधाचं पेटंट मात्र एकाचं, असा तो हिशेब होता. दक्षिणेकडच्या देशांनी त्यावर बोट ठेवलं. जून १९९२ मध्ये रिओ द जानेरोला जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि त्याने जुना समज उलटवला. ज्या देशात जीवसंपदा आहे, त्या देशाचा तिच्यावर सार्वभौम हक्क. ती हवी असेल तर आधी संमती घ्या, अटी दोघांनी मिळून ठरवा आणि फायद्यात वाटा द्या. डिसेंबर १९९३ मध्ये हा करार अमलात आला. १९९४ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पण देशातला कायदा व्हायला २००२ उजाडलं. मधल्या आठ वर्षांत सावंतवाडीच्या एका ज्युनिअर वकिलाला रिओ कुठे आहे, हे विचारायचं सुचलं नाही.

पुढे मी नाशकात आलो आणि या विषयाचे कागद वाचायची सवय लागली. असा करार नीट करायचा तर त्यात काय हवं? कुठलं झाड, कुठल्या भागाचं, किती, कुठून आणि कसं काढणार. कशासाठी, संशोधनाला की धंद्याला. माल तिसऱ्याला द्यायचा झाला तर पुन्हा कुणाला विचारायचं. पेटंट घेतलं तर त्यात कुणाचं नाव. पैसे आधी किती, विक्रीवर किती, आणि ते नेमके कुणाच्या हातात. शिवाय रोपवाटिका, प्रशिक्षण, गावातच प्रक्रिया, असे पैशाबाहेरचे फायदे. माझ्या चार ओळींत यातल्या फक्त एका प्रश्नाचं उत्तर होतं, आधी किती. बाकी सगळं कोरं.

असे करार त्या काळी कुणी केलेच नव्हते, असंही नाही. १९९१ मध्ये मर्क या औषध कंपनीने कोस्टा रिकातल्या एका संस्थेला सुमारे दहा लाख डॉलर देऊन तिथल्या जंगलातले नमुने तपासण्याचा करार केला. त्याचा जगभर बोलबाला झाला. आपल्याकडे तर त्याहून जिवंत उदाहरण आहे. १९८७ मध्ये केरळात अगस्त्यमलाईच्या डोंगरात शास्त्रज्ञांची एक तुकडी चढत होती. शास्त्रज्ञ दमले, पण बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे एका झाडाची काळी फळं खात आरामात चालत होते. आढेवेढे घेत त्यांनी झाड दाखवलं, आरोग्यपच्च. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेत डॉ. पुष्पांगदन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवण्याचा परवाना कोइमतूरच्या एका आयुर्वेद कंपनीला दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी या अटींवर दिला गेला. संस्थेने मिळकतीचा निम्मा भाग काणींना द्यायचं ठरवलं. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यास नोंदला गेला आणि १९९९ मध्ये पैसे त्याच्याकडे पोचले.

म्हणजे मी सावंतवाडीत ‘आडजात लाकूड’ लिहीत होतो, त्याच साली केरळात आदिवासींचा न्यास नोंदला जात होता. पण ती गोष्टही गोड शेवटाची नाही. पानं गोळा करण्यावरून वनखात्याशी वाद झाले, सगळ्या काणींना विचारलं होतं का, हा प्रश्न उभा राहिला, आणि कच्च्या मालाअभावी उत्पादन रखडलं. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. वाटाड्याचा वाटा काढता येतो. काढायची इच्छा मात्र लागते.

२००२ च्या आपल्या जैवविविधता कायद्याने चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याराज्यांत मंडळं आणि गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या, अशी तीन पायऱ्यांची रचना केली. परदेशी कंपनीला इथली जीवसंपदा हवी असेल तर प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तिच्यावर आधारलेलं पेटंट घ्यायचं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय चालत नाही. महाराष्ट्राचे नियम २००८ मध्ये झाले आणि नागपूरला मंडळ आलं ते २०१२ मध्ये. फायद्यात किती वाटा द्यायचा, याचे आकडे केंद्राने २०१४ मध्ये ठरवले. उत्पादकाने कारखान्यातल्या विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के द्यावेत, असा तो हिशेब होता. पुढे २०२५ मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली.

देशी कंपन्या म्हणाल्या, आम्ही भारतीय, आम्ही का द्यावं? हा वाद उत्तराखंडच्या उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला, की वाटा द्यावाच लागेल, कारण ही संपदा जशी देशाची आहे तशी ती पिढ्यान् पिढ्या तिला जपणाऱ्या स्थानिक लोकांचीही आहे. वकील म्हणून खूप निकाल वाचले. हा वाचताना मात्र कोपऱ्यात टोपी घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आला.

आपण परदेशी पेटंटांवर चटकन संतापतो. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक परिषदेने ती लढाई जिंकली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण घरात काय? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत एक बारीक, सुवासिक वाण सिद्ध केलं. ‘एचएमटी’ या घड्याळाच्या नावाने ते बाजारात गाजलं. १९९० च्या दशकात कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि शुद्ध करून १९९८ मध्ये आपल्या नावाचं वाण म्हणून दिलं. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. पण ज्या तांदळाने हजारो शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना पैसा दिला, त्याचा कर्ता २०१८ मध्ये गेला तो तंगीतच. बियाणं मागायला येणारा गोरा असो की आपलाच, पावती दोघांकडूनही घ्यायला हवी.

आता थोडं घरचं सांगतो. २०१४ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग झाला. पहिल्या उपचारांनंतर तो उलटला. ताई हवापालटासाठी माझ्याकडे देवळालीला राहायला आली. पूर्वी क्षयाचे रोगी यायचे, तशी. उपचारांसाठी तिला नाशकात नेत असे. एकदा सलाईनच्या बाटलीतलं पिवळसर द्रावण थेंब थेंब उतरत होतं आणि मी नुसता बसून चिठ्ठीवरचं नाव वाचत होतो. टोपोटिकान. तोवर हे नाव मी कागदांत पुष्कळदा वाचलं होतं. बाटलीवर पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी व्हरांड्यात मी तिला सगळं सांगितलं. सावंतवाडी, व्यापारी, किलोचा दर. त्याच डोंगरातलं लाकूड या बाटलीत आलं असेल, असं कुणीच म्हणू शकणार नाही. पण ताई आयुष्यभर शाळेत हिशेब शिकवलेली बाई. ती म्हणाली, “एका बाटलीचे किती घेतले रे आज?” मी सांगितलं. “आणि त्या माणसाला किलोचे किती मिळाले?” तेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला औषध मिळालं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण ते पैसे मी त्याला दिलेले नाहीत.” त्या औषधाने तिला आणखी दोन वर्षं दिली. औषधं बनूच नयेत, असं मी म्हणूच शकत नाही. ज्याच्या रानातून ती सुरू होतात, तो हिशेबातून गळू नये, एवढंच म्हणणं आहे.

कायदा आता बदलतो आहे. २०२३ ची दुरुस्ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिने वैद्य-हकिमांना, लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली आणि तुरुंगवासाऐवजी दंड ठेवला. त्याने काम सोपं होईल, असं काही जण म्हणतात. वाटा निसटायला फट राहील, असं काही जण. आणि आता तर झाडाला हात लावायचीही गरज उरलेली नाही. त्याची जनुकीय अक्षरमाला संगणकात असते. ती जगात कुठेही बसून वाचता येते. तिचा वापर करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वर्गणी द्यावी म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. पण तीही ऐच्छिक आहे. किलोवर तरी काहीतरी मोजलं जात होतं. अक्षरमालेला वजन नसतं.

मग आपल्या हातात काय? गावची नोंदवही. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली. गावातल्या लोकांनीच आपली झाडं, बियाणी आणि त्यांबद्दलचं ज्ञान लिहून ठेवायचं. कायद्याने ती बंधनकारक केली. पण राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा कुठे राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींत समित्या आणि वह्या घाईघाईने पुऱ्या झाल्या.

आमच्या पलीकडच्या एका गावाने मला त्या कामी बोलावलं. दुपारभर बसलो. आंबा, करवंद, धावडा, बिब्बा, सगळं लिहून झालं. लहान मुलांना औषध देणारी एक आजी भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एक मूळ पुढे केलं, नाव सांगितलं. उपयोग विचारला तर म्हणाली, “लिवल्यावर ते कुनाचं व्हनार?”

तीस वर्षांच्या वकिलीत एवढा अचूक प्रश्न मला कुठल्या न्यायाधीशाने विचारला नाही. तिला खरं तेच सांगितलं. कायदा म्हणतो तुमचं, पण राखायला तुम्हालाच लागेल. तिने मान हलवली आणि मूळ परत पदरात घेतलं. मी वहीत तिच्यासमोर लिहिलं, ‘नाव नोंदवले. सांगणारीच्या इच्छेवरून उपयोग नोंदवलेला नाही.’ वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला.

करारनामा म्हणून तो फारच तोकडा आहे. पण त्यात झाडाचं नाव आहे, सांगणारीचं नाव आहे, आणि तिने ‘नाही’ म्हटलेलंही आहे. १९९७ च्या माझ्या कागदात या तिन्हींपैकी काहीच नव्हतं.